जांभळ्या शाईचा पेन आणि विल्सन राइल्स

1 डिसेंबर 2020 रोजी विधान परिषदेच्या पुणे शिक्षक मतदारसंघाची निवडणूक झाली, तेव्हा साताऱ्यातील एका केंद्रावर मी मतदान अधिकारी म्हणून बसलो होतो. आलेल्या शिक्षकाची सही घ्यायची, लांबलचक मतपत्रिका द्यायची आणि जांभळ्या शाईचा पेन हातात ठेवून 'पसंतीक्रम आकड्यातच लिहा' असे सांगायचे, हे माझे काम. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत तोवर माझी 31 वर्षे गेली होती. परंतु शिक्षक म्हणून मला तेथे मत नव्हते. राज्यघटनेच्या 171 व्या कलमानुसार हा मतदारसंघ माध्यमिक शाळा व त्यावरील संस्थांतील शिक्षकांचा आहे. त्याच दिवशी पदवीधर मतदारसंघाचेही मतदान होते आणि त्या यादीत मात्र माझे नाव होते. म्हणजे कधीकाळी बी.ए. झालो म्हणून मी मतदार. पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवतो म्हणून नव्हे.

ही गोष्ट विसरलो होतो. 2022 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातून भाच्याचा फोन आला. तिकडचे नागरिकत्व मिळाल्यावरचे त्याचे ते पहिलेच मतदान. "मामा, हितं शाळांच्या मोठ्या साहेबालापण आम्हीच निवडून देतो," तो म्हणाला. माझा विश्वास बसला नाही. मग राज्याच्या शिक्षण खात्याच्या त्या प्रमुखपदाचा इतिहास वाचता वाचता विल्सन राइल्स हे नाव समोर आले आणि आठवडाभर मी त्यातच अडकलो.

राइल्स यांचा जन्म 1917 चा, लुइझियानाच्या खेड्यातला. कृष्णवर्णीय, त्यात लहानपणीच पोरके झालेले. शिक्षण अ‍ॅरिझोनात पुरे केले आणि 1940 मध्ये पदवी घेऊन ते अपाची या मूळ रहिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातील एका एकशिक्षकी शाळेवर रुजू झाले. पुढे महायुद्धात सैन्यातील नोकरी, मग मुख्याध्यापकपद आणि 1958 पासून कॅलिफोर्नियाच्या शिक्षण खात्यात. तेथे गरीब वस्त्यांतील मुलांसाठी जादा शिक्षणाच्या कार्यक्रमाचे ते प्रमुख झाले आणि नंतर खात्याचे उपप्रमुख. त्या वेळी खात्याचे निर्वाचित प्रमुख होते मॅक्स रॅफर्टी, दोनदा निवडून आलेले आणि बोलण्यात पटाईत. 1970 मध्ये राइल्स आपल्या या साहेबांच्याच विरोधात उभे राहिले आणि जिंकले. कॅलिफोर्नियात राज्यव्यापी पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. आपल्याकडे उपशिक्षणाधिकारी साहेबांच्या पुढे खुर्ची ओढून बसतानासुद्धा विचार करतात, म्हणून मी हे वाक्य दोनदा वाचले.

मला त्यांच्या विजयापेक्षा पुढचे अधिक महत्त्वाचे वाटते. निवडून आल्यावर त्यांनी आपले वजन बालवर्ग ते तिसरी या खालच्या वर्गांच्या पारड्यात टाकले. शिक्षकाच्या जोडीला वर्गात मदतनीस आणि पालक आणायचे, प्रत्येक शाळेने पालकांना बरोबर घेऊन स्वतःचा आराखडा करायचा, अशी ती योजना 1973 च्या सुमारास सुरू झाली. एकशिक्षकी शाळेत राबलेल्या माणसालाच हे सुचावे, असे मला वाटते. 1989 मध्ये जावळी तालुक्यातील माझी पहिली शाळा म्हणजे एक खोली, चार वर्ग आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. पहिली-दुसरीची मुले दाराकडे तोंड करून बसत, तिसरी-चौथीची फळ्याकडे. तालुक्याच्या गावी मेढ्याला मासिक सभेला जायचे असले की चौथीतली एक थोराड मुलगी पहिलीला पाटीवर 'ग म भ न' गिरवून देई. मदतनीस म्हणतात तो मला तेवढाच मिळाला. शाळेत पालकांचे कायदेशीर स्थान म्हणाल, तर ते शिक्षण हक्क कायद्याने आले, 2010 मध्ये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक. राइल्स यांच्यानंतर पस्तीसेक वर्षांनी.

याचा अर्थ निवडणुकीने सारे साधते असा मी काढत नाही. शिक्षणाच्या बाबतीत आपल्याकडेही निवडून आलेला माणूस असतोच: जिल्हा परिषदेचा शिक्षण सभापती. 1962 पासून हे पद आहे. मी पाहिलेल्या सभापतींपैकी काही खरोखर कळकळीचे होते, काहींना शिक्षण म्हणजे बदल्यांची यादी एवढेच ठाऊक होते. आणि जिल्हा परिषदेच्या सेवेतील शिक्षकाला त्या खुर्चीकडे जायचे तर आधी राजीनामा द्यावा लागतो. अमेरिकेतही वाट सोपी नाही. विस्कॉन्सिनचे टोनी एव्हर्स, शिक्षक आणि मुख्याध्यापक राहिलेले, 1993 आणि 2001 मध्ये तेथील शाळांच्या प्रमुखपदासाठी हरले, 2009 मध्ये निवडून आले आणि 2019 मध्ये तर राज्यपाल झाले. तेथील राज्यपाल म्हणजे आपला मुख्यमंत्री. राइल्स मात्र तीनदा निवडून आल्यावर 1982 मध्ये बिल होनिग यांच्याकडून हरले. अभ्यासात पुन्हा कसून शिस्त आणू, हा होनिग यांचा प्रचार मतदारांना पटला. 1978 मध्ये मालमत्ता कराला कात्री लागल्यापासून शाळांच्या पैशाची ओढाताण सुरू झाली होती, तीही राइल्स यांच्याच काळात. लोकांनी बसवलेल्या माणसाला लोकांनीच उठवले. आमच्या खात्यात असे होत नाही. येथे साहेबाची बदली होते आणि ती का झाली हे कोणालाच कळत नाही.

भाच्याने त्या दिवशी फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली होती. तेथील मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाखाली त्याचा पेशा छापलेला असतो. पदासाठी दोघे उभे होते. "'शिक्षक' असं कुणाच्या नावाखाली लिहिलंय का बघ," मी म्हणालो. कागद उलटल्याचा आवाज आला.

"दोघांच्याही नाही, मामा."