अर्धा सूर वर

नाशिकमध्ये अशोक स्तंभाजवळच्या माझ्या छोट्या कार्यशाळेत जुन्या कॅसेट, रिळे आणि तबकड्या संगणकावर उतरवून देण्याचे काम चालते. येणारी बहुतेक कामे घरगुती असतात: कोणाच्या लग्नातील मंगलाष्टके, कोणाच्या आजोबांचे कीर्तन, बाळाचे पहिले बोबडे बोल. बाजारात विकली गेलेली गाण्यांची कॅसेट घेऊन कोणी आले, तर हे गाणे तुम्हाला फोनवर फुकट मिळेल, असे सांगून मी सहसा त्यांना परत पाठवते. मागच्या पावसाळ्यात, गंगेचे (म्हणजे आमच्या गोदावरीचे) पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले होते त्या दिवशी, एक निवृत्त बहीण-भाऊ ओल्या छत्र्या दाराशी ठेवून आत आले, तेव्हाही मी तेच सांगितले. त्यावर बहिणीने जे उत्तर दिले, त्यामुळे मला हातातले दुसरे काम बाजूला ठेवावे लागले.

‘‘फोनवर आहे ना, मॅडम. पण ते हे गाणे नाही. नाव तेच, शब्द तेच, चालही तीच. गाणारी मुलगी मात्र दुसरी आहे.’’

गाणे होते पाकिस्तानी गायिका नाझिया हसन आणि तिचा भाऊ झोहेब यांच्या 1984 च्या ‘यंग तरंग’ या गीतसंचामधले ‘आँखें मिलाने वाले’. आज पन्नाशी-साठीत असलेल्यांना नाझिया आठवते ती 1980 च्या ‘कुर्बानी’तील ‘आप जैसा कोई’मुळे, त्या वेळी ती जेमतेम पंधरा वर्षांची होती आणि संगीतकार होता बंगळुरूहून इंग्लंडला गेलेला बिद्दू. त्याच जोडीचा 1981 चा ‘डिस्को दीवाने’ हा संच तर इतका गाजला, की 2012 मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या चित्रपटाने त्याचे शीर्षकगीत पुन्हा उचलले. अशा गाण्यांची काळजी कोणाला करावी लागत नाही. ती आपोआप टिकतात. त्यांच्या मागून आलेली, दोन-चार वर्षे घरोघर वाजलेली आणि मग चित्रपटगीतांच्या लोंढ्यात वाहून गेलेली जी दुय्यम गाणी असतात, त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न मला या व्यवसायात नेहमी पडतो. माझा स्वतःचा जीव अशाच गाण्यांत अधिक रमतो, हेही सांगून टाकते.

कॅसेट साठ मिनिटांची होती आणि ती विकत घेतलेली नव्हती, तर भरून घेतलेली होती. आजच्या मुलांना हे समजावून सांगावे लागते. त्या काळी मेनरोडवर आणि आसपास अशी दुकाने होती, की जिथे आपण कोरी कॅसेट आणि हव्या त्या गाण्यांची चिठ्ठी दिली, की दुकानदार आपल्याकडच्या तबकड्यांवरून ती गाणी क्रमाने उतरवून देत असे. ते कायद्यात बसत नव्हते, पण अख्खी तबकडी घेणे परवडणारी घरे थोडी होती आणि मधल्या फळीतील गाणी गावोगाव पोहोचली ती मुख्यतः याच मार्गाने. या कॅसेटच्या आतील कार्डावर दुकानदाराने निळ्या बॉलपेनाने यादी लिहिली होती. ‘नाझिया 3’, ‘अबा हिंदी 2’ (म्हणजे सलमा आगा आणि तिची बहीण सबिना यांनी हिंदीतून गायलेली स्वीडनच्या ‘अबा’ची गाणी), ‘शेरॉन 1’ (पॉपगायिका शेरॉन प्रभाकर), आणि शेवटी पुन्हा ‘नाझिया नवीन’. हे शेवटचे म्हणजेच वादातले गाणे. पहिली बाजू संपते तिथे ते कडव्याच्या मध्येच तुटत होते, आणि त्यानंतर खट्‍ असा आवाज.

सराफ बाजारातील त्यांच्या जुन्या घराच्या तळमजल्यात 2008 च्या पुराचे पाणी शिरले, तेव्हा ही कॅसेट माळ्यावर होती म्हणून वाचली. दमटपणा मात्र तिच्या अंगात भिनला होता. टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती, आणि टेपला हेडवर (म्हणजे यंत्राच्या टेप वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणारी नखाएवढी फेल्टची गादी गोंद सुटून आतल्या आत खुळखुळत होती. कवच स्क्रूचे नव्हते, चिकटवलेले होते. ते ब्लेडने कडेकडेने उकलले, दोन्ही चकत्या टेपसह अलगद उचलून एका नव्या, चांगल्या गादीच्या कवचात बसवल्या, बुरशी कोरड्या मऊ कापडातून टेप हाताने फिरवत टिपून काढली आणि मग यंत्राचे हेड आणि टेप ओढणारे कॅप्स्टन व पिंच रोलर साफ करून कॅसेट लावली. उच्च स्वर प्रथम मंद येत होते. हेडचा कोन बारीक स्क्रू फिरवून त्या दुकानदाराच्या यंत्राशी जुळवला, तशी झांज एकदम उघडली आणि बहीणबाई खुर्चीत सरळ होऊन बसल्या.

मग तो आवाज आला. खरेच, तो फोनवरचा आवाज नव्हता. कोवळा, किंचित चिरका, एखाद्या शाळकरी मुलीचा असावा तसा. ‘‘बघा!’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी काय सांगत होते?’’

माझाही पहिला तर्क त्यांच्यासारखाच होता. ऐंशीच्या दशकात गाजलेली गाणी दुसऱ्याच गायक-गायिकांकडून गाऊन घेऊन स्वस्त कॅसेट काढण्याचा धंदा जोरात होता, आणि आपण ऐकतो तो मूळ आवाज नाही, याचा अनेक घरांना पत्ताही नसे. पण वाद्यमेळ ऐकताना मला शंका येऊ लागली. नक्कल करणारे लोक सिंथेसायझरचा तोच तुकडा वाजवतील. पण त्याच तुकड्यातली तीच किरकोळ लकेरही, जिथे मूळ ध्वनिमुद्रणात आहे नेमक्या तिथेच, कशी वाजवतील?

त्या वेळी भाऊ पहिल्यांदा बोलले. ते तरुणपणी एका ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवत आणि हे गाणे त्यांनी याच कॅसेटवरून बसवले होते. ‘‘एक सांगू का?’’ ते म्हणाले. ‘‘तालमीला आमची गायिका तबकडीवरून गाणे पाठ करून आली होती. मी सुरुवात केली की ती म्हणे, तुम्ही शेजारच्या पट्टीवर वाजवताय. मी म्हणे, तूच उतरून गातेस. दोघेही आपापल्या जागी ठाम. शेवटी ते गाणे कार्यक्रमातून काढून टाकले.’’

शेजारची पट्टी म्हणजे अर्धा सूर. अर्धा सूर म्हणजे वेगात जवळजवळ सहा टक्क्यांचा फरक. इथे मला धागा सापडला.

कॅसेटची टेप सेकंदाला 4.76 सेंटीमीटर या वेगाने सरकली पाहिजे, असे ठरलेले आहे. माझे यंत्र मी 3,150 हर्ट्झचा (सेकंदाला 3,150 कंपनांचा) सूर भरलेल्या चाचणीच्या कॅसेटवर वेळोवेळी तपासून घेते, त्यामुळे त्याच्या वेगाबद्दल मला खात्री होती. प्रश्न होता त्या दुकानदाराच्या यंत्राचा. ते यंत्र, ते दुकान आणि तो दुकानदार आता कोणीही उरलेले नाही. पण विजेची साक्ष उरते. आपल्याकडे घरात येणारी वीज 50 हर्ट्झची असते आणि ध्वनिमुद्रणाच्या साध्या यंत्रात तिची बारीक गुणगुण नकळत गाण्याखाली उमटते. कानाला ती क्वचित जाणवते, पण संगणकाच्या पडद्यावर स्पेक्ट्रम (आवाजातल्या कंपनसंख्यांचा आलेख) मोठा करून पाहिला, की एक सरळ रेघ दिसते. दोन गाण्यांमधली मोकळी जागा मी पडद्यावर ताणून धरली. तिथे एक नव्हे, दोन रेघा होत्या. पहिली बरोबर 50 वर, ती माझ्या खोलीतल्या विजेची. दुसरी तिच्या जरा वर, 53 वर.

दोघांनाही पडद्याजवळ बोलावून मी ती दुसरी रेघ बोटाने दाखवली. ही गुणगुण ज्या दिवशी मेनरोडवर टेपवर उतरली, त्या दिवशी तीही 50 चीच होती. दुकानातले यंत्र सुमारे सहा टक्के सावकाश चालत होते, बहुधा बेल्ट सैल पडल्यामुळे. सावकाश भरलेली टेप घरच्या नीट चालणाऱ्या यंत्रावर वाजली, की गुणगुण 53 वर चढते आणि तिच्यासोबत गाणाऱ्या मुलीचा आवाजही तितकाच चढतो, तिचे वय काही वर्षांनी उतरते आणि चार मिनिटांच्या गाण्यातले सुमारे 14 सेकंद नाहीसे होतात. (तीस मिनिटांच्या बाजूत जवळपास बत्तीस मिनिटांचा ऐवज मावतो, हा दुकानदाराचा जाता जाता झालेला फायदा. तरीही शेवटचे गाणे तुटलेच.) मी कच्ची प्रत तशीच जपून ठेवली, दुसऱ्या प्रतीचा वेग 53 वरून 50 वर आणला आणि फोनवरचे गाणे तिच्याबरोबर एकाच वेळी सुरू केले. ज्या ठिकाणी टेप तुटली, तिथपर्यंत दोन्ही गाणी एकमेकांवर चपखल बसत गेली. दुसरी गायिका कोणी नव्हतीच. ती नाझियाच होती.

भाऊंना मनापासून हसू आले. चाळीस वर्षांपूर्वीचे भांडण निकाली निघाले होते आणि त्या गायिकेला आजच्या आज फोन करायचे त्यांनी तिथेच ठरवले. बहीणबाईंचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी दुरुस्त केलेली प्रत पुन्हा लावायला सांगितली, थोडी ऐकली आणि म्हणाल्या, ‘‘ही बाई इतकी रेंगाळत का गातेय?’’

‘‘अगं ताई, हेच खरे गाणे आहे. आपले चुकीचे होते.’’

‘‘असू दे. मी नाशिकरोडला प्रेसमध्ये लागले, तेव्हा रोज सकाळी डबा भरताना तू हेच लावायचास. तेव्हा खरे कुठले नि खोटे कुठले, मला कोणी विचारले होते का? मला माझे दे.’’

यावर दोघांचे बरेच झाले. भाऊंचे म्हणणे असे, की यंत्राचा दोष म्हणजे गाणे नव्हे, आणि नाझियाने जे गायले नाही ते तिच्या नावावर जपून ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे. ती तर 2000 साली पस्तिसाव्या वर्षी गेली, तिला येऊन सांगता येणार नाही. मला ते पटत होते. माझे सारे शिक्षण त्याच बाजूचे आहे. 1982 साली चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग सिंथेसायझरवर वाजवून तबकडी काढली, तेव्हा तिला फारसे कोणी विचारले नाही. 2010 मध्ये ती नव्याने प्रसिद्ध झाली आणि शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या आधी हा नाद मुंबईत कसा उमटला, म्हणून जगभर चर्चा झाली. रूपा बिस्वास यांची ‘डिस्को जॅझ’ ही 1982 चीच तबकडीही अशीच 2019 मध्ये नव्या रूपात बाजारात आली. विस्मृतीत गेलेले असे परत येते, ते कोणीतरी मूळ प्रत शुद्ध राखलेली असते म्हणून. सहा टक्के वेगवान नकलेवरून कोणी इतिहास लिहू नये.

पण बहीणबाईंना इतिहास नको होता. शिवाय एक गोष्ट नाकारता येत नाही: ‘आँखें मिलाने वाले’ची शुद्ध प्रत सुरक्षित आहे, ती जगात कोणालाही मिळेल, अर्धा सूर चढलेली, कडव्यात तुटणारी ही प्रत मात्र जगात एकच होती, आणि ती त्या सकाळपर्यंत बुरशी खात पडली होती. मी दोन्ही प्रती पेनड्राइव्हवर भरल्या. बहीणबाईंनी आपल्या फाइलच्या नावात कार्डावरचेच ‘नाझिया नवीन’ ठेवायला सांगितले आणि शेवटचा तो खट्‍ आवाज कापू नका, असे दोनदा बजावले. पैसे भाऊंनी दिले. कार्ड आणि जुने कवच बहीणबाईंनी पर्समध्ये ठेवले.

तेव्हापासून माझ्या कामाच्या अर्जात ‘वेग’ असा एक रकाना वाढला आहे: मूळ, की घरी वाजत असे तसा. लोक त्यावर विचारात पडतात, हे मला अपेक्षित नव्हते. काही जण अर्ज घरी नेतात आणि विचारून येतो म्हणतात. देवळाली कॅम्पहून आलेल्या एका गृहस्थांनी परवा ‘घरी वाजत असे तसा’ यावर खूण केली. त्यांची कॅसेट कंपनीची, निर्दोष आहे, अडखळत असे तो त्यांचा टेपरेकॉर्डर. मग तोही आणावा लागेल, असे मी त्यांना कळवले आहे. रविवारी माळ्यावरून काढतो म्हणाले.