फॅट्सच्या दारापर्यंत चालत

२०१७ च्या १ नोव्हेंबरला ऑफिसातून लवकर निघाले आणि अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या बायवॉटर भागातल्या व्हॉन्स नावाच्या जुन्या बारपाशी गर्दीत जाऊन उभी राहिले. आईला फोनवर सांगितलं, एका पियानोवाल्या आजोबांच्या मिरवणुकीला आलेय, ते गेले. "गेलेल्या माणसाची मिरवणूक?" ती म्हणाली. मग माझ्या आजोबांची अंत्ययात्रा तिची तिलाच आठवली. आमच्या गावात त्यांच्या पुढे भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन चाललं होतं.

हे पियानोवाले म्हणजे गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनो. २४ ऑक्टोबरला गेले. वय ८९. खरं नाव अँटवान. न्यू ऑर्लिन्समध्ये मला तीन वर्षं झाली होती, पण ते या शहराचे किती होते हे बातमी आली त्या दिवशी कळलं. शेजारच्या आजींनी खिडकी सताड उघडून दिवसभर त्यांचीच गाणी लावली होती. मी दारात गेले तर डोळे पुसत म्हणाल्या, "बाळा, तो आमच्यातच राहिला गं."

आजींच्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. १९४९ च्या डिसेंबरात रॅम्पार्ट स्ट्रीटवरच्या कोझिमो मटासांच्या छोट्याशा स्टुडिओत एकवीस वर्षांच्या फॅट्सनी 'द फॅट मॅन' रेकॉर्ड केलं. रॉक अँड रोलच्या अगदी पहिल्या गाण्यांमध्ये त्याचं नाव घेतात. पुढे 'एन्ट दॅट अ शेम', 'ब्लूबेरी हिल', लाखोंनी रेकॉर्ड खपल्या. ट्रम्पेटवादक डेव्ह बार्थोलोम्यू गाणी रचायला आणि बसवायला सोबत होते. ते २०१९ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी गेले. एवढं सगळं होऊनही फॅट्सनी घर बांधलं ते जिथे जन्मले त्याच लोअर नाइन्थ वॉर्डात, कॅफिन अव्हेन्यूवर, कष्टकऱ्यांच्या घरांच्या मध्ये.

ज्यांनी थोडाफार तबला शिकलाय त्यांना त्यांचा पियानो लगेच उमगेल. ठेका चार मात्रांचा, आणि उजवा हात प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करत एकसारखा ठोकत राहतो. डावा हात खाली गडगडत, झुलत चालतो. वर तो मऊ, हसरा आवाज. कुठे घाई नाही. पियानो शिकवला मेहुण्यांनी, पट्ट्यांवर स्वरांची नावं लिहून देऊन. दौऱ्यावर निघताना फॅट्स भांडी बरोबर घ्यायचे आणि हॉटेलच्या खोलीत स्वतः शिजवायचे, कारण न्यू ऑर्लिन्सबाहेरचं जेवण त्यांना रुचायचं नाही. हे वाचलं तेव्हा मला माझा मसाल्याचा डबा आठवला, कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणलेला.

२००५ च्या ऑगस्टमध्ये कतरिना वादळ येत होतं. पत्नी रोजमेरी आजारी, म्हणून फॅट्स घर सोडून गेले नाहीत. इंडस्ट्रियल कॅनॉलची भिंत फुटली आणि सगळा वॉर्ड पाण्याखाली गेला. ते गेलेच असं समजून कुणीतरी त्यांच्या घरावर रंगाने श्रद्धांजली लिहून टाकली. प्रत्यक्षात बचाव पथकाने घरच्यांसकट त्यांना बाहेर काढलं होतं. पुरात भिजलेला पांढरा स्टाइनवे पियानो पुढे लुइझियाना स्टेट म्युझियमने दुरुस्त करून घेतला.

मिरवणुकीकडे येते. इथे याला सेकंड लाइन म्हणतात. पुढे बँड आणि मानकरी ही पहिली ओळ, आणि मागून नाचत येणारं सगळं गाव ही दुसरी. ट्रॉम्बोन, ट्युबा, ढोल. हातात छत्र्या आणि पांढरे रुमाल. माझ्याकडे काहीच नव्हतं. पुढच्या एका उंच माणसाने वळून आपल्या खिशातला दुसरा रुमाल माझ्या हातात दिला आणि पुन्हा नाचायला लागला. कडक इस्त्रीचा, चौकोनी घडी अजून मोडलेली नव्हती. आम्ही तोच कॅनॉल ओलांडून पलीकडे गेलो. हजारभर माणसं तरी असतील असं मला वाटलं. मला नाचता येत नाही असं मी कायम म्हणत आले, त्या दिवशी तासभर पाय थांबले नाहीत.

घरासमोर पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. दर्शनी भिंतीवर त्यांच्या नावाची दोन आद्याक्षरं, फाटकाशी फुलं आणि मेणबत्त्या. शेजारच्या आजी मुलाच्या गाडीने आधीच आल्या होत्या, घडीच्या खुर्चीवर बसून सगळ्यांबरोबर गात होत्या. त्या इथून दोन गल्ल्या पलीकडे वाढल्या. पुरात ते घर गेलं, परत उभं राहिलं नाही.

"चल, तुला दाखवते," म्हणाल्या. माझा हात धरून त्या गल्लीत वळल्या. बारा वर्षं झाली तरी कितीतरी जागा रिकाम्याच, कमरेएवढं गवत. त्या गवताकडे बोट दाखवत एकेक सांगत गेल्या: हे शिवणवाल्या मावशींचं, हे दोघा जुळ्यांचं, इथे अंजिराचं झाड होतं. मग थांबल्या. "हे आमचं. इथून त्याचा पियानो ऐकू यायचा."

मागे बँड अजून वाजत होता. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून ऐकत होतो.