एक नंबरचं टोकन, दुसऱ्यांदा

"ताई, एक नंबर सकाळीच होऊन गेला ना? मग हा दुसरा एक कुठून आला?"

रक्तपेढीच्या तंत्रज्ञ दादांनी दोन चिठ्ठ्या माझ्यासमोर धरल्या. दोन्हींवर टोकन १. एक सकाळी साडेआठच्या गृहस्थांची, दुसरी नुकत्याच रांगेतून पुढे आलेल्या कॉलेजच्या मुलाची. दादांचा आवाज चढला नव्हता, पण त्यांनी त्या मुलाला खुर्चीवरून उठवून बाजूला बसवलं होतं. त्यांचं बरोबरच होतं. प्रत्येक पिशवीतल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया अशी तपासणी होते. दोन माणसांचा नंबर एकच असेल तर अहवाल कुणाचा कुणाला जाईल, हे सांगता येत नाही.

१ मे, परळमधल्या एका शाळेचं सभागृह. सुट्टीत मुंबईकर गावाला जातात आणि रक्ताचा तुटवडा पडतो, म्हणून हे शिबिर भरवलं होतं. नोंदणीचं अ‍ॅप आमच्या टीमनं तीन आठवड्यांत उभं केलं होतं.

तीन आठवड्यांत ते झालं, याचं श्रेय स्प्रिंग बूटला, म्हणजे जावा भाषेतली अ‍ॅप्स झटपट उभी करून देणाऱ्या साधनाला. मी नोकरीला लागले तेव्हा वेब.एक्सएमएल, अ‍ॅप्लिकेशनकॉन्टेक्स्ट.एक्सएमएल, डेटासोर्स, ट्रान्झॅक्शन मॅनेजर अशी अ‍ॅपचे भाग आणि डेटाबेस जोडणारी सगळी मांडणी हातानं लिहायचो. मग अ‍ॅपची वॉर फाइल बांधून टॉमकॅट या वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकायची. एक कंस चुकला की अख्खी दुपार त्यात. २०१४ च्या एप्रिलमध्ये बूटची १.० आवृत्ती आली आणि हे ओझं उतरलं. क्लासपाथवर, म्हणजे अ‍ॅपला मिळणाऱ्या लायब्रऱ्यांत, कोणत्या जार (तयार कोडच्या फाइली) आहेत ते बूट बघतं आणि त्यावरून जोडणी करतं. वेब स्टार्टर (वेबसाठी लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा संच) घातला की टॉमकॅट आतच, ८०८० पोर्टवर. तुम्ही स्वतःचा बीन, म्हणजे अ‍ॅपचा एखादा भाग, दिलात तर बूटचा बाजूला होतो. मला ही रचना मनापासून आवडते, आजही.

पण जे समोर दिसतं त्यावरून ते निर्णय घेतं, आणि त्या दिवशी त्याला काय दिसत होतं हे मी पाहिलं नव्हतं.

पावणेबाराला मी अ‍ॅप रीस्टार्ट केलं. काही जण मोबाइल नंबर शून्य लावून सांगत होते आणि तो फॉर्म घेत नव्हता, एवढीच दुरुस्ती होती. त्यानंतर पहिली नोंद झाली ती त्या मुलाची. यादी उघडली तर तीत तो एकटाच. आधीच्या ९३ नोंदी गेलेल्या. माझे हात गार पडले.

अ‍ॅप चालताना लिहितं तो लॉग वर सरकवत गेले. एकही एरर नाही. डेटाबेसच्या जोडण्या सांभाळणाऱ्या हिकारीच्या ओळीत मात्र डेटाबेसचा पत्ता होता, आणि तो आम्हाला हव्या असलेल्या पोस्टग्रेस डेटाबेसचा नव्हता. 'एचटू' (एक छोटा डेटाबेस), पुढे 'मेम' (मेमरी). म्हणजे सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी मेमरीत राहिल्या होत्या. प्रोसेस बंद, नोंदी संपल्या.

मग अ‍ॅपच्या सेटिंग्जची एन्व्हायर्नमेंट फाइल उघडली. डेटासोर्सच्या यूआरएलचं, म्हणजे डेटाबेसचा पत्ता देणाऱ्या सेटिंगचं, नाव आदल्या रात्री घाईत टाइप केलं होतं. 'सोर्स'मध्ये 'सी'च्या जागी 'एस' पडला होता. बूटच्या दृष्टीनं यूआरएल दिलेलाच नव्हता. एवढ्यानंही नुकसान झालं नसतं, कारण यूआरएल नाही आणि एम्बेडेड (अ‍ॅपच्या आतच चालणारा) डेटाबेसही नाही, अशा वेळी बूट 'डेटासोर्स कॉन्फिगर करता येत नाही' असं सांगून सुरूच होत नाही. पण डेमोसाठी पॉम या लायब्रऱ्यांच्या यादीच्या फाइलमधला एचटूचा टेस्ट स्कोप, म्हणजे 'फक्त चाचणीपुरता' ही अट, मीच काढला होता आणि परत लावला नव्हता. बूटला एचटू सापडला, त्यानं तो जोडला, टेबलं सांभाळणाऱ्या हायबरनेट लायब्ररीनं एम्बेडेड डेटाबेस पाहून टेबलंही तयार केली. सकाळी पहिली नोंद यादीत दिसली तेव्हा मी समाधानानं मान हलवली होती. यादी पाहिली; डेटाबेस पाहिला नाही.

रक्तपेढीला सहीचा कागदी फॉर्म लागतोच, त्यामुळे ९३ फॉर्म गठ्ठ्यात होते, तेही क्रमानं. तो गठ्ठा हातात घेतला तेव्हा मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. दादांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "रांग थांबवू नका. नवे नंबर आम्ही हातानं लिहितो, तुम्ही मागचं भरा."

स्पेलिंग सुधारलं, एचटू काढून जार पुन्हा बांधली आणि या वेळी डीबग लावून अ‍ॅप सुरू केलं. कोणती जोडणी कोणत्या अटीमुळे झाली किंवा झाली नाही, याचा लांबलचक अहवाल तेव्हा छापला जातो. इतकी वर्षं मी तो फक्त काही अडलं की उघडायची. त्या दिवशी डेटाबेसच्या ओळी एकेक करून वाचल्या. पहिली नोंद टाकल्यावर पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे थेट पोस्टग्रेसमध्ये, सिलेक्ट मारून ती डोळ्यांनी पाहिली आणि मगच दुसरा फॉर्म उचलला. एक स्वयंसेवक काकू नाव, रक्तगट, वजन वाचत होत्या, मी टाइप करत होते. "हिमोग्लोबिन तेरा पूर्णांक दोन. अगं, पाणी पी जरा."

आता ते अ‍ॅप सुरू होताना डेटाबेस पोस्टग्रेस आहे का ते तपासतं. नसेल तर बंद होतं. नोंदणीच्या पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात, डेटाबेसचं नावही दिसतं.

दीड वाजता ९३वा फॉर्म भरून झाला. तो मुलगा अजून बाकावर बसला होता, हातात ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. त्याची जुनी चिठ्ठी परत घेतली, फाडली आणि नवी छापून दिली. टोकन ९४.