तुम्ही विचारलंत म्हणून: दोन सर्व्हर असून सगळं बंद कसं पडतं?

‘अहो, एक बंद पडला तर दुसरा चालू राहावा म्हणूनच दोन घेतले होते ना?’

हा प्रश्न मला कारखानदार विचारतात, त्यांचे अकाउंटंट विचारतात, हॉस्पिटलात एक्स-रेच्या फायली सांभाळणारी मंडळी विचारतात. परवा एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारला, तेव्हा जिलबी आली आणि उत्तर राहून गेलं. ते उत्तर थोडक्यात असं: दुसरा सर्व्हर बंद पडलेला नसतो, मुद्दाम थांबलेला असतो. तो थांबला म्हणूनच तुमच्या फायली शाबूत राहतात. पण ज्याची अख्खी रात्रपाळी बसून गेली त्याला एवढं सांगून भागत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी ही ‘शेअर्ड’ भानगड. दोन सर्व्हर, मधे एकच स्टोरेज, फायबरच्या केबलने दोघांनाही जोडलेलं. दोघांनाही तीच डिस्क दिसते. त्या डिस्कवर ईएक्सटी४ किंवा एक्सएफएससारखी साधी फाइल सिस्टीम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) टाकून दोन्हीकडे माउंट केली, म्हणजे वापरायला जोडली, तर पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही, आणि लोक फसतात ते तिथेच. डिस्कचा कोणता ब्लॉक (तुकडा) रिकामा आहे, कोणती फाइल कुठे आहे, हा सगळा हिशेब प्रत्येक सर्व्हर आपल्या मेमरीत घेऊन बसतो आणि डिस्क आपल्या एकट्याच्या मालकीची आहे असं धरून चालतो. एकाच खतावणीच्या दोन झेरॉक्स काढून दोन मुनीम आपापल्या गादीवर बसून नोंदी करायला लागले, तर महिनाअखेरीला जे होईल तेच इथे होतं, फक्त महिना लागत नाही.

म्हणून क्लस्टर फाइल सिस्टीम लागते; क्लस्टर म्हणजे एकजुटीने काम करणाऱ्या सर्व्हरचा गट. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीच्या गोतावळ्यातली जीएफएस२ किंवा ओरॅकलची ओसीएफएस२. इथे कोणत्याही फाइलला हात लावण्याआधी सर्व्हरला लॉक (‘आत्ता ही माझ्याकडे’ अशी नोंद) घ्यावं लागतं, आणि ही लॉकं सगळ्या सर्व्हरनी मिळून सांभाळायची. त्या सांभाळणाऱ्याला डीएलएम (डिस्ट्रिब्युटेड लॉक मॅनेजर) म्हणतात. कल्पना जुनीच आहे. डेक कंपनीच्या व्हॅक्स क्लस्टरमध्ये १९८०च्या दशकातच असा लॉक मॅनेजर होता. जीएफएस १९९०च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात सुरू झाली, पुढे सिस्टिना नावाच्या कंपनीकडे गेली, ती कंपनी २००३ मध्ये रेड हॅटने घेतली. २००६ मध्ये जीएफएस२ आणि ओसीएफएस२ या दोन्ही लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आल्या.

आता खरी गोम. दोन सर्व्हर एकमेकांना सतत ‘मी आहे, मी आहे’ असा निरोप पाठवत असतात. हे काम कोरोसिंक नावाच्या प्रोग्रॅमचं. निरोप यायचा थांबला की समोरचा गेला असं धरायचं. नव्या आवृत्तीत ही वाट पाहण्याची मुदत मुळात ३ सेकंदांची असते, जुन्यात तर १ सेकंदाचीच होती. पण निरोप थांबला याचा अर्थ समोरचा मेला, असा होतोच असं नाही. कदाचित मधली वायर तुटली असेल आणि समोरचा ठणठणीत असेल, हातात लॉकं धरून डिस्कवर लिहीतही असेल. तो गेला असं समजून याने त्याची लॉकं घेतली आणि लिहायला सुरुवात केली, की मघाचे दोन मुनीम आलेच.

म्हणून नियम असा, की समोरचा गेला असा नुसता संशय पुरत नाही, त्याला खात्रीने बंद करायचं. याला फेन्सिंग म्हणतात. प्रत्येक सर्व्हरमध्ये मदरबोर्डवरच एक छोटा स्वतंत्र संगणक असतो, त्याला नेटवर्कवरून, आयपीएमआय नावाच्या पद्धतीने, हुकूम देता येतो की या मशीनची पॉवर काढ. पॉवर गेल्याची पावती आली, की मग मेलेल्याचा जर्नल (चालू कामांची नोंदवही) वाचायचा, त्याचं अर्धवट राहिलेलं काम निस्तरायचं आणि पुढे चालायचं. पावती येत नाही तोवर सगळे जागच्या जागी थांबतात.

मागच्या वर्षी मे महिन्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात नेमकं हेच झालं. तिथे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड (विणताना नक्षी काढणारी यंत्रं) आहेत आणि त्यांची सगळी डिझाइनं या शेअर्ड डिस्कवर असतात. दिवसभर उन्हाने जीव काढला होता, रात्री वळवाचा पाऊस आला. लाईट गेली, आली, परत गेली, परत आली. सर्व्हर यूपीएसवर असल्यामुळे त्यांना पत्ताही लागला नाही. थोड्या वेळाने रात्रपाळीच्या सुपरवायझरचा फोन: ‘सर, डिझाइन उघडंना. नुसतं फिरायलंय.’

घरून लॅपटॉपवर आत शिरलो. दोन्ही सर्व्हर चालू, पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) उत्तर देतायत, लॉगिन होतंय. सीपीयू जवळजवळ रिकामा, आणि लोड अ‍ॅव्हरेज (चालू नि ताटकळलेल्या कामांची सरासरी) मात्र चढतच चाललेलं. हे दोन आकडे असे एकत्र दिसले, की कामं सीपीयूसाठी नाही तर डिस्कसाठी ताटकळतायत असं समजावं. पीएसमध्ये (चालू प्रोग्रॅमच्या यादीत) बघितलं तर प्रोसेसची रांगच्या रांग ‘डी’ अवस्थेत, म्हणजे डिस्कच्या उत्तरासाठी अडकलेली. या अवस्थेतल्या प्रोसेसला किल -९ (जबरीने बंद करायची आज्ञा) मारून उपयोग नसतो, तिच्यापर्यंत तो सिग्नल पोचतच नाही. आणि अशा वेळी सवयीने डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी आज्ञा) टाइप करू नका. तीही त्या माउंटपाशी जाऊन अडकते आणि तुमची खिडकी गेली. माउंटच्या फोल्डरमध्ये शिरायचं तर नावच काढू नका.

मग लॉग. इथे माझा एक हट्ट आहे: दोन्ही सर्व्हरचे लॉग शेजारी शेजारी लावून, वेळेनुसार, वरून खाली वाचायचे. बहुतेक जण शेवटची लाल ओळ बघतात आणि तिच्यावरच गुगल करत बसतात. शेवटची ओळ हा परिणाम असतो, कारण वर असतं. (दोघांची घड्याळं जुळलेली असली पाहिजेत हे आलंच. ती जुळलेली नसली की पहिला कोण गेला यावरच भांडण.) त्या रात्रीची गोष्ट लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेली होती. एका क्षणी दोन्ही सर्व्हरनी, एकाच सेकंदात, ‘दुसरा हरवला’ अशी नोंद केली. लगेच दोघांनीही एकमेकांना बंद करायचा हुकूम सोडला. दोघांचाही हुकूम अयशस्वी. परत हुकूम, परत अयशस्वी. आणि डीएलएमला विचारलं तर त्याचं उत्तर एकच, फेन्सिंगची वाट बघतोय.

दोघं एकाच सेकंदात एकमेकांना मेलेलं समजतात, तेव्हा दोष दोघांच्या मधे असतो. त्यांच्यातले निरोप जायचे एका छोट्या वेगळ्या स्विचवरून. ऑफिसचं नेटवर्क दुसऱ्या स्विचवर होतं, म्हणून पिंग होत होतं. आणि आयपीएमआयच्या केबल कुठे? त्याच छोट्या स्विचमध्ये. तो स्विच यूपीएसवर न लावता भिंतीवरच्या साध्या सॉकेटला लावलेला, आणि लाईट परत येताना त्याचा अडॅप्टर जळालेला. म्हणजे ज्या वायरीवरून ‘तू आहेस का’ विचारायचं आणि ज्या वायरीवरून ‘बंद हो’ सांगायचं, त्या दोन्ही एकदम गेल्या. दोन जिवंत सर्व्हर एकमेकांची पावती मागत हात बांधून बसलेले.

अशा वेळी तिसरी पावती माणसाची चालते. क्लस्टरला हाताने कबुली देता येते, की अमुक सर्व्हर बंद आहे, मी बघितलंय. आज्ञा एका ओळीची आहे आणि माझ्या धंद्यातली सगळ्यात धोकादायक ओळ तीच. समोरचा खरोखर बंद नसताना ती दिली, तर इतका वेळ ज्यासाठी सगळे थांबले ते सगळं तुम्ही एका एंटरमध्ये वाया घालवता.

सुपरवायझरला म्हटलं, सर्व्हर रूममध्ये जा, खालच्या सर्व्हरची मागची वायर काढा.

‘काढली सर.’

‘पंख्याचा आवाज येतोय का?’

‘यायलाय की.’

सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात. एक काढला तरी मशीन हूं की चूं करत नाही, त्यासाठीच तर दुसरा असतो. ‘दुसरीपण काढा. काढलीत? आता पुढून बघा, एकतरी हिरवा लाईट आहे का?’

‘नाय सर. पार गप झालंय.’

मग मी कबुली दिली. वरच्या सर्व्हरने मेलेल्याचा जर्नल वाचायला घेतला आणि बघता बघता ‘डी’तली रांग सुटली. जीएफएस२मध्ये प्रत्येक सर्व्हरचा जर्नल वेगळा असतो आणि तो शेअर्ड डिस्कवरच असतो, म्हणून एकाचा जर्नल दुसऱ्याला वाचता येतो. डिझाइनं उघडली, लूम चालू झाले. एकही फाइल गेली नव्हती. मालकांना हे दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ते म्हणाले, ‘ते ठीक आहे हो, पण बंद पडलंच का?’ असो.

आता लोक अशा वेळी काय काय करतात तेही सांगतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. सगळ्यात लाडका उपाय म्हणजे फेन्सिंगच बंद करून टाकणं. ‘त्याच्यामुळेच अडकतंय ना? मग काढा.’ इंटरनेटवर हा सल्ला ढिगाने मिळतो. दुसरा प्रकार, लॉकशिवाय माउंट करणं. जीएफएस२ला लॉक-नोलॉक म्हणून एक पर्याय आहे, तो एकट्या मशीनसाठी आहे. दुसरा सर्व्हर जिवंत असताना वापरला की डेटाचं वाटोळं. तिसरा, एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा. ती चालवायची तर आधी झाडून सगळ्या सर्व्हरवरून फाइल सिस्टीम अनमाउंट झालेली पाहिजे. एकीकडे माउंट असताना दुसरीकडून चालवली, तर ती दुरुस्ती नव्हे, तोडफोड.

एफएससीकेची खरी गरज लागते ती वेगळ्या आजारात. जीएफएस२ला स्वतःच्याच हिशेबात काहीतरी न जुळणारं सापडलं, की तो सर्व्हर त्या फाइल सिस्टीममधून अंग काढून घेतो. याला विथड्रॉ म्हणतात. मघाचं अडकणं आणि हे, दोन्ही वरून सारखीच दिसतात, पण इथे कर्नलच्या लॉगमध्ये सुसंगती बिघडल्याची किंवा डिस्कवर लिहिता न आल्याची नोंद असते. त्याच्या वर जाऊन बघा. पुष्कळदा आधी मल्टिपाथचे, म्हणजे स्टोरेजकडे जाणारे एकाहून जास्त, मार्ग गेलेले किंवा स्टोरेजचा कंट्रोलर कुरकुरलेला दिसतो. तो दुरुस्त न करता एफएससीके मारत बसलात तर पुढच्या आठवड्यात परत बोलावणं आहेच.

ओसीएफएस२चा स्वभाव आणखी निराळा. तिथे प्रत्येक सर्व्हर दर २ सेकंदांनी शेअर्ड डिस्कवरच आपली हजेरी लावतो. मूळ सेटिंगमध्ये साधारण ६० सेकंद हजेरी लावता आली नाही, की तो दुसऱ्या कोणाची वाट न बघता स्वतःच रीबूट होतो. तक्रार येते ती अशी, ‘सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होतो आणि लॉगमध्ये काहीच नाही.’ नसणारच. मरताना म्हटलेले शब्द डिस्कवर पोचायला वेळच मिळालेला नसतो. ते नेटकन्सोलने दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय आधीच करून ठेवावी लागते.

टॉवेलवाल्यांकडे नंतर काय केलं? स्विच यूपीएसवर घेतला, हे तर शेंबड्या पोरालाही सुचेल. महत्त्वाचं म्हणजे निरोपांना ऑफिस नेटवर्कचा दुसरा रस्ता दिला आणि आयपीएमआयच्या केबल त्या छोट्या स्विचमधून काढून दुसरीकडे नेल्या. शिवाय फेन्सिंगची दुसरी पायरी ठेवली: आयपीएमआयने काम झालं नाही तर थेट स्टोरेजलाच सांगायचं, की याच्याकडून आता लिखाण घेऊ नकोस. हा निरोप फायबरवरून जातो, त्याला स्विचशी देणंघेणं नाही. आणि दोघांनी एकाच क्षणी एकमेकांचा गळा धरू नये म्हणून एकाच्या हुकुमाला काही सेकंदांचा उशीर लावला. नंतर एका रविवारी, लूम बंद असताना, मालकांसमोर केबल उपटून दाखवली. थोडा वेळ अडकलं, एक सर्व्हर बंद झाला, दुसऱ्याने काम पुढे नेलं.

तरी माझं मत विचाराल, तर आपल्याकडच्या निम्म्या ठिकाणी ही शेअर्ड फाइल सिस्टीम लागतच नाही. दोन्ही सर्व्हरना एकाच वेळी त्याच डिस्कवर लिहायची खरी गरज आहे का, एवढं विचारा. नसेल तर डिस्क एका वेळी एकाकडेच माउंट ठेवा, बाकीच्यांना एनएफएसने (नेटवर्कवरून फायली वाटायच्या पद्धतीने) द्या, तो पडला की दुसऱ्याकडे सरकवा. फेन्सिंग तिथेही लागतं, पण गुंता बराच कमी. रेड हॅटने तर आपल्या लिनक्सच्या १०व्या आवृत्तीत जीएफएस२चा पाठिंबाच काढून घेतला, तेव्हा नवीन काही उभं करत असाल तर हा विचार आधी करा.

मालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे आता तिसरा सर्व्हर घ्यायचा?’ दोघांच्या भांडणात निवाडा द्यायला तिसरं मत असलेलं चांगलं, हे खरं. पण त्या तिसऱ्याकडे डेटा नसतो, तो फक्त मत देतो. अकाउंट्समधला जुना पीसी चालेल. लिनक्स टाका, वेगळ्या यूपीएसवर ठेवा, आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून ठेवा की याचा प्लग काढून व्हॅक्यूम लावायचा नाही.