आमची वाटचाल : गीझर दुरुस्तीपासून वृद्धनिवासांच्या गरम पाण्यापर्यंत

सुरुवात घरगुती गीझरच्या दुरुस्तीने झाली. एलिमेंट बदला, थर्मोस्टॅट बदला, बिल करा, एवढंच काम. वृद्धनिवास गिऱ्हाईक झाले तसं धंद्याचं स्वरूप पालटलं. तिथे सकाळच्या दोन तासांत जवळपास सगळ्यांच्या अंघोळी उरकतात, आणि निम्मी माणसं आधाराशिवाय न उठणारी. बिघाड झाल्यावर धावून जाण्यात अर्थ नसतो. त्यामुळे सुटी दुरुस्ती मागे पडली आणि देखभालीचे वार्षिक करार हेच आमचं मुख्य काम झालं.

नव्या ठिकाणी आधी हिशेब मांडतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. म्हणजे ५०० लिटरची टाकी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २३ युनिट, आणि ६ किलोवॉटच्या एलिमेंटला चार तास. सकाळी नऊला टाकी गार पडली तर एकपर्यंत वाट पाहा! ‘पाणी पुरत नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं. एका मोठ्या टाकीपेक्षा आम्ही दोन टाक्या समांतर जोडतो, म्हणजे एक दुरुस्तीसाठी उघडली तरी दुसरी चालू राहते. दोन्हींच्या पाइपांची लांबी मात्र सारखी हवी, नाहीतर पाणी जवळच्या टाकीतूनच ओढलं जातं.

टाकीचं तापमान ६० अंशांखाली आणायचं नाही. २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला जंतू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. वीज वाचवायला थर्मोस्टॅट उतरवा, असा आग्रह व्यवस्थापक धरतात; तिथे आम्ही ऐकत नाही. पण ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत भाजतं. म्हातारी कातडी पातळ, त्यात मधुमेहामुळे पायाला चटका कळत नाही. म्हणून पाणी निववायचं ते नळापाशी, थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्हने, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळून ठरलेलं तापमान राखणाऱ्या व्हॉल्व्हने. शॉवरला ४१ अंश, टबला फार तर ४४.

या व्हॉल्व्हवर आमचा सर्वांत जास्त वेळ जातो. परीक्षा सोपी आहे : नळ चालू ठेवून थंड पाण्याचा कॉक बंद करायचा. व्हॉल्व्हने काही सेकंदांत गरम धारही तोडली पाहिजे. धार वाहत राहिली आणि थर्मामीटर चढायला लागला, तर व्हॉल्व्हच्या आतलं कार्ट्रिज बदलल्याशिवाय ती न्हाणी वापरायला देत नाही. गरम बाजूची जाळी गंजाने आणि क्षाराने बुजली की शॉवर कोमट येतो आणि आळ गीझरवर जातो. दुसरा छुपा दोष म्हणजे गळका नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. दाबात फरक असला की गरम पाणी थंड लाइनमध्ये शिरतं. थंड नळ सोडल्यावर सुरुवातीला कोमट पाणी आलं की आधी तोच उघडून बघावा.

रिटर्न लाइनचा, म्हणजे न वापरलेलं गरम पाणी फिरवून टाकीकडे आणणाऱ्या पाइपाचा पंप रात्रीही चालू ठेवतो. टाकीकडे परतणारं पाणी निदान ५० अंश हवं. आमचा आग्रह ५५चा. सगळ्यात लांबची खोलीच गार राहत असेल, तर पंप मोठा करण्याआधी पाइपाच्या प्रत्येक फांदीचा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे तिथला प्रवाह कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह, जुळवावा. जवळच्या फांद्या मोकळ्या सुटल्या की लांबच्या फांदीला काही उरत नाही.

पाणी जड असेल तर एलिमेंटवर क्षाराची पुटं चढतात. उष्णता बाहेर पडत नाही आणि एलिमेंट आतून जळतं. टाकी उघडली की मॅग्नेशियमचा अॅनोड रॉडही बघतो; टाकीऐवजी तो स्वतः झिजतो. आतली तार दिसायला लागली असेल तर तो बदलायचा, नाहीतर पुढची पाळी टाकीच्या पत्र्याची.

रिकाम्या खोल्यांचे नळ आठवड्यातून एकदा काही मिनिटं सोडायचं काम तिथल्या सेवकांकडे असतं. शॉवरची चाळणी काढून नळीचं तोंड बादलीत बुडवून पाणी सोडायला आम्ही त्यांना शिकवतो, म्हणजे साचलेल्या पाण्याचे तुषार सोडणाऱ्याच्याच नाकात जात नाहीत.