१९३६ बदललं, फैजपूर तसंच राहिलं

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

अमळनेरात एप्रिलची दुपार म्हणजे घरात कोंडून घेण्याची वेळ. म्हटलं, शाळेच्या प्रदर्शनाचं काम उरकू. खान्देश परिचयाच्या ५८ स्लाइड्स, चार शिक्षकांनी वाटून केलेल्या. कुणाची मंगल फॉन्टमध्ये, कुणाची कोकिलामध्ये, एकीत तर चार ओळींत तीन फॉन्ट. सगळं निर्मलामध्ये हवं होतं. हाताने करायला बसले आणि बाराव्या स्लाइडलाच मान धरली.

निकालपत्रकासाठी एक्सेलमध्ये मी मॅक्रो रेकॉर्ड करते. बटण दाबायचं, काम करून दाखवायचं, पुढच्या वेळी ते आपोआप होतं. पॉवरपॉइंटमध्ये ते बटण शोधून थकले. २००३ पर्यंत होतं म्हणे, २००७ च्या आवृत्तीत काढून टाकलं. म्हणजे इथे दाखवून भागत नाही, लिहूनच सांगावं लागतं.

खरं तर सुरुवात कालच केली होती. ऑल्ट-एफ११ दाबलं, कोड लिहायची राखाडी खिडकी उघडली, इन्सर्टमधून मॉड्यूल घेतलं. 'सब' म्हणजे मॅक्रोची सुरुवात, 'एंड सब' म्हणजे शेवट, त्यांच्यामध्ये लिहायचं. प्रत्येक स्लाइड घे, तिच्यावरचा प्रत्येक शेप, म्हणजे मजकुराची चौकट, चित्र, जे असेल ते घे, त्याचा फॉन्ट बदल. एवढंच. फाइल बंद करताना त्यानं काहीतरी विचारलं, मी न वाचता 'हो' केलं. आज उघडली तर मॅक्रो गायब! साध्या पीपीटीएक्स प्रकारच्या फाइलमध्ये मॅक्रो राहत नाही, पीपीटीएम म्हणून सेव्ह करायचं असतं. मुलांना 'सूचना वाचा' म्हणून ओरडणारी मीच.

पुन्हा लिहिलं. चालवलं तर बहिणाबाईंच्या आसोद्याच्या स्लाइडवर अडकलं, पिवळी ओळ. तिथे फोटो होता, आणि फोटोला कुठला आलाय मजकूर! आधी 'हॅज टेक्स्ट फ्रेम', म्हणजे मजकुराची चौकट आहे का, विचारायचं, मगच हात लावायचा. तेवढी अट घातल्यावर शेवटपर्यंत धावलं, तक्रार नाही. मी खूश. मग काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनाची स्लाइड पाहिली. सन इंग्रजी आकड्यांत टाइप केलेलं, ते १९३६ निर्मलात गेलेलं. शेजारचं 'फैजपूर' मात्र कोकिलातच!

तासभर त्यातच गेला. एकाच मजकुराला आतून वेगवेगळे फॉन्ट लावलेले असतात: एक इंग्रजी अक्षरांसाठी, एक देवनागरी, अरबीसारख्या लिप्यांसाठी. मी नुसतं 'फॉन्ट डॉट नेम' लिहिलं होतं. देवनागरीसाठी 'नेम कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' लागतं. आपली लिपी 'कॉम्प्लेक्स'! पहिलीतली पोरं जोडाक्षरं लिहितात ती काय मग? ती ओळ वाढवली आणि सगळ्या स्लाइड्स क्षणात एकसारख्या. मी टाळीच वाजवली.

आतून सासूबाई म्हणाल्या, "काय करी ऱ्हायनी वं? जपी जाय आते." म्हणजे, झोप आता. त्यांना काय सांगू, की फैजपूर कोकिलातून निर्मलात गेलं?

हौस म्हणून शेवटी 'झालं' असा निरोप दाखवावा वाटलं. त्या राखाडी खिडकीत मराठी टाइप केलं की नुसती प्रश्नचिन्हं येतात. कोडच्या खिडकीला देवनागरी कळतच नाही. हौस सोडली, 'ओके'वर भागवलं.

एक बरं केलं, मूळ फाइलची प्रत काढून त्यावरच खेळले. सहकाऱ्यांनाही पीपीटीएम पाठवणार नाही. काम झालेली साधी फाइलच देईन. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो ऑफिस हल्ली अडवतं, आणि उगाच सगळे मलाच फोन करतील.

झोपण्याआधी सगळ्या स्लाइड्स एकदा फिरवल्या. केळी आणि कापसाच्या तक्त्यांच्या तीन स्लाइड्स अजून कोकिलातच. तक्त्यातला मजकूर घरोघरी, म्हणजे कप्प्याकप्प्यात असतो, माझी अट त्याला पाहतच नाही. त्या तीन हातानेच बदलल्या.