पाण्याने राखलेले रान

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला आपण सवयीने ‘बोरिवलीचे नॅशनल पार्क’ म्हणतो. वास्तविक सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या रानाचा मोठा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, आणि येऊर ही त्याची ठाणेकरांच्या सर्वांत परिचयाची बाजू आहे.

हे डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेले आहेत. उत्तरेला वसईची खाडी आणि पूर्वेला ठाण्याची खाडी यांनी वेढलेल्या साष्टी बेटाच्या मधोमध ते दक्षिणोत्तर पसरले असून, जांभूळमाळ हे त्यांतले सर्वांत उंच ठिकाण 468 मीटरवर आहे. घोडबंदर रस्ता ओलांडला की नागल्याचे जंगल थेट खाडीपर्यंत उतरते आणि खाडीपलीकडे तुंगारेश्वरचे अभयारण्य दिसू लागते.

खडक ज्वालामुखीजन्य आहे. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी त्यातच कोरलेली आहेत. तेथील शिल्पांविषयी पुष्कळ लिहिले जाते, परंतु मला अधिक विलक्षण वाटतात त्या लेण्यांलगतच्या पोढ्या, म्हणजे खडकात खोदलेली पाण्याची टाकी. चार महिने कोसळणारा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांसाठी खडकात साठवायचा, ही व्यवस्था बसवल्याखेरीज भिक्षूंना या डोंगरावर शतकानुशतके वस्ती करणे शक्यच झाले नसते.

रान टिकले तेही पाण्यामुळेच, असे माझे मत आहे. वाढत्या मुंबईची तहान भागवण्यासाठी ब्रिटिश अमदानीत मिठी नदीच्या उगमाकडचा प्रवाह अडवून 1860 मध्ये विहार तलाव पूर्ण झाला, 1879 मध्ये तुळशीची भर पडली, आणि त्यांच्या पाणलोटात वस्ती व शेती होऊ न देणे ही शहराची गरज बनली. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आणि 1981 मध्ये मिळालेले आजचे नाव, हे सारे पुष्कळ नंतरचे.

ठाण्याच्या उताराला असा पहारेकरी लाभला नाही. येऊरचे ओढे शहराकडे, तर चेना नदी उत्तरेला खाडीकडे वाहत जाते; ठाण्याचे पिण्याचे पाणी मात्र मुख्यतः दुसरीकडून येते. त्यामुळे या कडेचे मोल शहराला कधी नीट उमगलेच नाही. पायथ्याशी इमारतींचे मजले चढले (खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचे जादा पैसे घेऊनच!) आणि वर बंगले उभे राहिले. अतिक्रमणे हटवण्याचा उच्च न्यायालयाचा 1997 चा आदेश आणि उद्यानाभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची 2016 ची अधिसूचना यांमुळे काही आळा बसला. परंतु कागदावरची रेषा आणि डोंगरावरची रेषा एकच असते, असे येऊरचा रस्ता चढताना वाटत नाही.

अतिक्रमणांच्या या वादात पाड्यांवरच्या वारली कुटुंबांना बंगलेवाल्यांच्या पंगतीत बसवणे मात्र अन्यायाचे आहे. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी (डोंगरउतारावरचे एक झुडूप) आपल्याला छायाचित्रापुरती आठवते. या कुटुंबांच्या घरांचे कूड, म्हणजे भिंती, तिच्याच काठ्यांचे असत.

आता ठाणे आणि बोरिवली जोडणारे सुमारे 10 किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे याच डोंगराखालून जाणार आहेत. जमिनीवरचे झाड तुटणार नाही, एवढ्या आश्वासनावर माझे समाधान होत नाही. डोंगराच्या पोटातल्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याचे काय होते, हे पाहण्यासाठी पाड्यांवरच्या विहिरींची आणि झऱ्यांची पातळी काम सुरू असताना आणि संपल्यानंतरही नियमित मोजली जावी, आणि ते आकडे ठाणेकरांना वाचायला मिळावेत.